ते प्रेक्षक नव्हते

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा.

२०१५च्या ऑगस्टमध्ये मी एक चूक छापली. कुणाचा फोन आला नाही, संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं नाही, वाचकाचं पत्र आलं नाही. त्यामुळे दुरुस्तीही छापली गेली नाही. आज ती इथे करतोय. नुसती दुरुस्ती चार ओळींची होईल आणि कुणाला काही कळणार नाही, म्हणून आधी सगळं सांगतो.

तेव्हा मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. २२ ऑगस्ट, शनिवार. आपल्याकडे पाऊस दडी मारून बसलेला. पहिल्या पानावर टँकर आणि करपलेली पिकं. देश-विदेशचं पान माझ्याकडे होतं. रात्री पान जवळजवळ लागलं, खाली उजव्या कोपऱ्यात दोन कॉलमांची जागा उरली. ऑपरेटर म्हणाला, "सर, एक बारकी बातमी द्या, पान सोडायचंय." तेवढ्यात वृत्तसंस्थेची बातमी समोर आली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅम नावाच्या गावात हवाई प्रदर्शन चालू असताना एक जुनं लढाऊ विमान कोसळलं. सुरुवातीचा आकडा ७ मृत्यू. मी आठ ओळी केल्या आणि मथळा दिला : ‘हवाई कसरती पाहताना काळाचा घाला, ७ प्रेक्षक ठार’.

पान सुटलं. मी घरी गेलो.

नंतर मृतांचा आकडा ११ झाला. पण चूक आकड्यात नव्हती. पहिल्या दिवशीचा आकडा बदलतोच, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चूक एका शब्दात होती. ‘प्रेक्षक’ या शब्दात.

त्या बातमीत विमानाचं नाव वाचून मात्र मी जरा थबकलो होतो. हॉकर हंटर! आमच्या पिढीतल्या पोरांना हे नाव माहीत आहे ते ‘बॉर्डर’मुळे. १९९७ साली तो सिनेमा लागला तेव्हा मी बारावीत होतो. तालुक्याच्या टॉकीजमध्ये दोनदा बघितला, एकदा पडद्यापासून तिसऱ्या रांगेत मान वर करून. रात्रभर रणगाड्यांसमोर आपली मूठभर माणसं तग धरून असतात, आणि उजाडताना विमानं येतात. टॉकीज अक्षरशः उठून उभं राहायचं. शिट्ट्या, चिल्लर, काय विचारू नका. ती विमानं हंटर होती. सिनेमात मसाला भरपूर असेल, पण मूळ गोष्ट खरी आहे. १९७१च्या डिसेंबरमध्ये लोंगेवाला चौकीवर हल्ला झाला, तेव्हा जैसलमेरच्या हंटरांना रात्री लढता येत नव्हतं, तशी यंत्रणाच त्यांच्यात नव्हती. म्हणून सगळे उजाडायची वाट बघत होते. ५ डिसेंबरच्या सकाळी हंटर आले आणि वाळवंटात रणगाडे जळायला लागले. १९५७ पासून पुढे जवळजवळ चार दशकं हे विमान आपल्या हवाई दलात होतं. पुढे जैसलमेरला सहलीला गेलो तेव्हा तिथल्या युद्ध संग्रहालयात हंटरजवळ उभा राहून मी फोटोसुद्धा काढून घेतला. बायको म्हणाली, "पोरांचा फोटो काढायचा सोडून स्वतःचाच काय काढताय?"

सांगायचा मुद्दा हा की जुन्या लढाऊ विमानाचं वेड मला कळतं. त्या वेडाला मी हसणार नाही.

शोरहॅमचं ते विमान १९५५ साली बनलेलं. म्हणजे अपघाताच्या दिवशी त्याचं वय ६० वर्षं. ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेलं, पुढे खासगी मालकीत गेलेलं, हौसेनं आणि खर्चानं उडतं ठेवलेलं. शोरहॅमचा विमानतळही तसाच जुना, १९११ पासूनचा. तिथलं प्रदर्शन दरवर्षी व्हायचं, त्यातून हवाई दलाच्या माजी सैनिकांच्या संघटनेला मदत मिळायची. म्हणजे हेतू चांगला, गाव आनंदात, सुट्टीचा दिवस, ऊन पडलेलं. आपल्याकडच्या गावजत्रेसारखंच समजा. फक्त बैलांच्या जागी विमानं.

विमानतळाच्या उत्तरेला लागूनच ए-२७ नावाचा हमरस्ता जातो. रोजचा, भरपूर वाहतुकीचा. प्रदर्शनाच्या दिवशीही तो चालूच होता.

दुपारी १ वाजून २२ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजायला आले असताना, हंटरनं एक कसरत सुरू केली. विमान खालून वर चढतं, वर गेल्यावर पालथं होतं आणि पलीकडून गोल घेत खाली येतं. यात्रेतल्या पाळण्यासारखा उभा फेरा, पण मध्ये थोडी दिशा बदलून. यात गणित साधं असतं. वर चढताना वेग खर्च होतो आणि त्या बदल्यात उंची मिळते. खाली येताना ती उंची वापरून विमान सरळ करायचं. वर गेल्यावर पुरेशी उंची मिळाली नसेल तर पुढचा फेरा घ्यायचाच नाही. विमान आडवं फिरवून सरळ करायचं आणि निघून जायचं. त्यात काही नामुष्की नसते.

ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेचा अहवाल मार्च २०१७ मध्ये आला. त्यातले आकडे वाचताना अंगावर काटा येतो. कसरत सुरू करताना वेग किमान ३५० नॉट हवा होता, तो साधारण ३१० होता. सुरुवात परवानगीच्या किमान उंचीपेक्षा खालून झाली. वर चढताना इंजिनाची पूर्ण ताकद वापरली गेली नाही. माथ्यावर किमान ३,५०० फूट उंची हवी होती, मिळाली साधारण २,७००. म्हणजे ८०० फूट कमी. तिथूनही सुटका शक्य होती, ती केली गेली नाही. इंजिनात बिघाड सापडला नाही. हातातलं विमान ठणठणीत होतं, फक्त खाली यायला जागा पुरली नाही. ते थेट ए-२७ रस्त्यावर आलं, सिग्नलच्या चौकाजवळ, आणि आगीचा लोळ उठला.

वैमानिक नवशिका नव्हता. हवाई दलात लढाऊ विमानं उडवलेला, पुढे मोठ्या प्रवासी विमानांचा कॅप्टन, हजारो तासांचा अनुभव. हंटरवरचे तास मात्र चाळीसच्या आसपास. तो दुसरंही एक जुनं जेट उडवायचा, ते हलकं आणि हळू, त्याच्या उंचीची मर्यादा वेगळी. त्या विमानाचे आकडे या विमानात डोक्यात आले असावेत, अशी एक शक्यता तपासणाऱ्यांनी मांडली. आपल्यातले जे लोक सकाळी ट्रॅक्टर आणि संध्याकाळी मोटार चालवतात, त्यांना हे लगेच कळेल. हात सवयीनं चालतो.

तो वैमानिक गंभीर जखमी झाला, पण वाचला. जी ११ माणसं गेली ती सगळी जमिनीवरची होती.

आता माझ्या मथळ्याकडे येतो.

ते ११ जण कोण होते? नावं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांनी खूप सोसलं आहे. एक वयस्कर ड्रायव्हर होता. नवरीला लग्नाला न्यायला निघाला होता, जुनी शोभिवंत मोटार घेऊन. दोन २३ वर्षांची पोरं होती, फुटबॉल खेळणारी, दुपारच्या सामन्याला चालली होती. सायकलवरून फिरायला निघालेले मित्र होते. कुणी मोटारीत होतं, कुणी मोटारसायकलवर आलेलं. काही जण रस्त्याच्या कडेला थांबून विमानं बघत होते, फोटो काढत होते, हे खरं आहे. पण तिकीट काढून आत बसलेल्या हजारो लोकांपैकी एकही त्यांच्यात नव्हता.

ज्याला प्रदर्शन बघायचंच नव्हतं, ज्याला त्या दिवशी प्रदर्शन म्हणजे रस्त्यावरची थोडी जास्तीची गर्दी एवढंच होतं, तोही माझ्या पानावर ‘प्रेक्षक’ झाला. आणि ‘कसरती पाहताना’ मेला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? इंग्लंडातल्या मेलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्याच्या पेपरात काय लिहिलंय याच्याशी काय देणंघेणं?

मलाही तसंच वाटायचं. २०२२च्या हिवाळ्यापर्यंत.

बैलगाडा शर्यतींना कोर्टाची परवानगी मिळून वर्ष व्हायचं होतं. आमच्या भागात गावोगाव मैदानं भरत होती. एका गावात शर्यतीत एक जोडी बिथरली, बांबूचं कुंपण तोडून बाहेर गेली आणि पलीकडच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याला धडकली. पन्नाशीचा शेतकरी. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. मला पोलीस ठाण्यातून फोनवर माहिती मिळाली. मी गाडी चालवत होतो, रस्त्याकडेला थांबून मोबाइलवरच बातमी टाइप केली : ‘शर्यत पाहताना शेतकऱ्याचा मृत्यू’. सवयीनं. हात सवयीनं चालतो.

तीन दिवसांनी पाठपुराव्यासाठी त्यांच्या घरी गेलो. अंगणात मोटारसायकल उभी होती, पुढचं चाक वाकलेलं. शेजारी दुधाचा कॅन, एका बाजूनं पूर्ण चेपलेला. कुणीतरी तो धुऊन पालथा घातला होता. मी पेपरवाला आहे म्हटल्यावर त्यांची बायको आतून बाहेर आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तुमी पेपरात लिवलं ते शर्यत बघत हुते म्हणून. आमच्या मालकांनी उभ्या जन्मात शर्यत बघितली न्हाई ओ. डेअरीला दूध घालायला चालले हुते."

मला बोलता येईना.

तिचा दीर मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, मदतीचं बोलायला आयोजकांकडे गेलो तर त्यांच्यातल्या एकानं तुमचंच कात्रण पुढं केलं. मैदानात बघायला येणारा स्वतःच्या जबाबदारीवर येतो, आम्ही तसा बोर्ड लावलाय, म्हणाला. गावातही दोघंचौघं म्हणाले, कशाला जायचं शर्यत बघायला या वयात?

एका शब्दानं मी त्या माणसाला कुंपणाच्या आत नेऊन ठेवलं होतं. तो आत नव्हता. तो स्वतःच्या रस्त्यानं, स्वतःच्या कामाला चालला होता, रोजच्या वेळेला.

दुसऱ्या दिवशी मी सविस्तर बातमी केली, चूक दुरुस्त केली. पान पाचवर आली. पहिली पहिल्या पानावर होती. हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

त्याच सुमारास, २० डिसेंबर २०२२ला, मोबाइलवर एक बातमी दिसली. शोरहॅमच्या ११ जणांच्या मृत्यूच्या चौकशीचा निकाल लागला होता, सात वर्षांनी. तेव्हा मला माझा २०१५चा मथळा आठवला. ऑफिसात जाऊन जुनी फाइल काढली, तारीख शोधली, ते पान बघितलं. मग रात्री बसून तपास अहवालाचं जे जे सापडेल ते वाचत गेलो. त्यात मला जे सापडलं ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण ते इंग्लंडपुरतं नाही.

१९५२ साली ६ सप्टेंबरला इंग्लंडमध्येच फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात एक नवं लढाऊ विमान हवेतच फुटलं. त्याचे तुकडे गर्दीवर पडले. विमानातले २ आणि जमिनीवरचे २९ प्रेक्षक, असे ३१ जण गेले. धावपट्टी साफ झाल्यावर प्रदर्शन पुढे चालू झालं. नेव्हिल ड्यूक नावाच्या नामांकित वैमानिकानं आपलं विमान वर नेलं आणि ध्वनीच्या वेगापलीकडे नेऊन दाखवलं. लोकांनी त्याचं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी खुद्द चर्चिलनं पत्र लिहिलं. ते विमान होतं हंटरच, अगदी सुरुवातीचं नमुना विमान. योगायोग म्हणा.

त्या अपघातानंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले. विमानानं गर्दीपासून किती लांब राहायचं, किती उंचीवर राहायचं, गर्दीच्या दिशेनं कोणती कसरत करायची नाही. हे नियम चांगले होते आणि त्यांनी आपलं काम केलं. शोरहॅमलाही केलं. हंटर कोसळलं तेव्हा तिकीटवाली गर्दी सुरक्षित अंतरावर होती.

पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर प्रेक्षक होता. आखलेली रेषा प्रेक्षकासाठी होती. विमानाला प्रेक्षकांपासून लांब ठेवायचं, तर मग ते कुणाच्या डोक्यावर जाणार? रेषेच्या पलीकडे जो असेल त्याच्या. पलीकडे हमरस्ता होता. त्या रस्त्यावरच्या माणसाचा धोका कुणी किती मोजला होता? तपासात पुढे आलं की कोणता वैमानिक नेमकी कोणती कसरत कुठे करणार हे आयोजकांना आधी तपशिलात माहीतच नव्हतं. माहीत नसेल तर धोका मोजणार कशाचा? कागदावर धोक्याचं मूल्यमापन होतं. सही होती. फाइल पूर्ण होती.

आणखी गोष्टी निघाल्या. त्या विमानाच्या इजेक्शन सीटमध्ये वैमानिकाला बाहेर फेकणारी जी स्फोटक काडतुसं असतात, त्यांची मुदत संपलेली होती. त्यामुळे अपघात झाला नाही, हेही अहवालात स्पष्ट आहे. पण मदतीला धावलेल्या लोकांसाठी तो आणखी एक धोका होता. आणि आदल्या वर्षी दुसऱ्या एका प्रदर्शनात याच वैमानिकाला कसरत मध्येच थांबवायला सांगितलं गेलं होतं. म्हणजे इशारा मिळाला होता. तो इशारा त्या दिवशीच्या मैदानावरच राहिला, पुढे कुठे पोचला नाही.

हे सगळं वाचताना मला सारखा तो बांबूचा कठडा दिसत होता.

मग कोर्ट. मार्च २०१९ मध्ये लंडनच्या फौजदारी न्यायालयात वैमानिक निर्दोष सुटला. घोर हलगर्जीपणानं ११ जणांचा मृत्यू घडवल्याचा आरोप होता. कसरतीत शरीरावर येणाऱ्या दाबामुळे मेंदू नीट काम करेनासा झाला असावा, असा बचाव होता. ज्यूरीला खात्री पटली नाही, तो सुटला. मग २०२२ मध्ये कॉरोनरनं निष्कर्ष दिला की हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडलेले आहेत. कॉरोनर म्हणजे संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. आपल्या मुंबईतही १९९९ पर्यंत हे पद होतं. तो शिक्षा देत नाही. मृत्यू कसा झाला ते ठरवतो. फौजदारी खटल्यात संशयाला जागा उरता कामा नये, कॉरोनरपुढे मात्र काय जास्त संभवतं एवढंच बघायचं असतं. म्हणून दोन निकाल वेगळे आले, आणि दोन्ही कायद्यानं आपापल्या जागी बरोबर आहेत. एका ठिकाणी माणूस सुटला, दुसऱ्या ठिकाणी मृत्यूला त्याचं खरं नाव मिळालं.

मी कुणाला दोषी ठरवायला बसलेलो नाही. मला त्या घरच्यांचं आश्चर्य वाटतं. सात वर्षं ते कशासाठी भांडत होते? मेलेलं माणूस परत येणार नाही. तुरुंगात कुणी जाणार नाही हे २०१९ लाच कळलं होतं. तरी ते चिकटून राहिले. कारण ‘अपघातात गेला’ आणि ‘जायला नको होता, तरी गेला’ यात त्यांच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक होता. आमच्या त्या ताईनंसुद्धा मला भरपाईचं विचारलं नाही. शब्दाचं विचारलं.

शोरहॅमनंतर काय झालं? ब्रिटनमधली सगळी हंटर विमानं काही काळ जमिनीवर ठेवली. जुन्या जेट विमानांना जमिनीवरच्या प्रदर्शनात अशा उलट्यासुलट्या कसरती करायला बंदी आली, सरळ उडत जायचं फक्त. परवानग्या, वैमानिकांची तपासणी, धोक्याचं मूल्यमापन, सगळं कडक झालं. शोरहॅमचं प्रदर्शन पुन्हा कधी भरलं नाही. अपघातानंतर गावातल्या जुन्या लाकडी पुलाच्या कठड्याला लोकांनी फुलं बांधली, इतकी की कठडा दिसेना. आता त्या नदीकाठी स्मारक आहे, पोलादाच्या ११ कमानींचं.

काही विमानप्रेमींनी तेव्हा तक्रार केली की एका अपघातामुळे आमची परंपरा संपवताय. मला त्यांचं दुःख समजतं. मीही हंटरजवळ फोटो काढलेला माणूस आहे. ६० वर्षांचं यंत्र उडताना बघणं, तो आवाज ऐकणं, ज्यांनी ते लढवलं त्यांची आठवण काढणं, यात वाईट काही नाही. पण त्या परंपरेचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हे विचारायला नको? मालकानं धोका पत्करला, ठीक. वैमानिकानं पत्करला, ठीक. तिकीट काढलेल्यानंही थोडाफार पत्करला असं म्हणू. नवरीला आणायला निघालेल्या ड्रायव्हरनं काय पत्करलं होतं? त्याला कुणी विचारलं होतं?

आता आपल्याकडे यात्रांचा हंगाम सुरू होतोय. मैदानं भरतील, मिरवणुका निघतील, आकाशपाळणे उभे राहतील. माझा कशालाच विरोध नाही, आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये लगेच संस्कृती काढाल. मी स्वतः यात्रेत भेळ खात फिरणारा माणूस आहे. आयोजकांना, आणि परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या साहेबांना, माझी विनंती एवढीच. नकाशा काढाल तेव्हा मैदान आणि मंडप एवढंच काढू नका. कुंपणाच्या बाहेरचा रस्ताही काढा. त्या वेळेला त्या रस्त्यानं कोण जातं ते विचारा. डेअरीची वेळ काय, शाळा कधी सुटते, एसटी कधी येते. शक्य असेल तर तेवढा वेळ रस्ता बंद करा. नाहीतर मैदान लांब न्या. आणि मागच्या वर्षी कुठे काय होता होता राहिलं, ते लिहून ठेवा आणि पुढच्या गावच्या आयोजकाला सांगा. वाचलो म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

आणि आम्हा पेपरवाल्यांसाठी एक. अपघाताच्या बातमीत माणूस मेला एवढं लिहून भागत नाही. तो तिथे कशासाठी होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय मथळा द्यायचा नाही. पोलीस सांगतात ते ‘कुठे’ आणि ‘किती वाजता’. ‘कशासाठी’ घरी जाऊनच कळतं. मी आता डेस्कवर आलेल्या नव्या पोरांना हे सांगतो. ती मान डोलावतात आणि रात्री अकराला पान सोडायच्या घाईत विसरतात. मीही विसरायचो.

तर, राहिलेली दुरुस्ती.

२३ ऑगस्ट २०१५च्या अंकात देश-विदेशच्या पानावर शोरहॅम, इंग्लंड येथील विमान अपघाताच्या बातमीत मृतांचा उल्लेख ‘प्रेक्षक’ असा करण्यात आला होता. अपघातात एकूण ११ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी अनेक जण हमरस्त्यावरून आपापल्या कामाला जात होते आणि त्यांचा प्रदर्शनाशी संबंध नव्हता. चुकीबद्दल दिलगीर आहे.